बँक्सियाच्या कणसाची सुरई आणि भोकांत फिरोजा

बँक्सियाचं फळ पहिल्यांदा हातात घेतलं की हे नक्की काय आहे तेच कळत नाही. जाडजूड मक्याच्या कणसासारखा आकार, बाहेरून तपकिरी मखमल आणि त्या मखमलीतून अर्धवट उघडलेल्या ओठांसारखे डोकावणारे बियांचे कप्पे. आमच्या भांडुपच्या गाळ्यात सगळे त्याला कणीसच म्हणतात म्हणून मीपण इथे तेच म्हणते. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या मशीनवर, लावून वरचा थर उतरवला की आतून लालसर तपकिरी लाकूड निघतं आणि त्यात जागोजागी डोळ्यासारखी लांबट भोकं, ती आपण पाडलेली नसतात, झाडानेच बियांसाठी ठेवलेली जागा असते. त्यातल्या काही भोकांत फिरोजासारखा निळा दगड भरायचा, काही तशीच उघडी ठेवायची आणि आतून पोकळ करून छोटी सुरई काढायची, असं हे काम आहे. माझं सगळ्यात आवडतं काम. लेथ थोडाफार येत असेल, म्हणजे निदान पाचदहा वाट्या आणि लाटणी कातून झाली असतील, तर नक्की करून बघा.

झाड ऑस्ट्रेलियाचं. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरून तिकडे गेला तेव्हा त्याने नमुने गोळा केले, म्हणून नाव बँक्सिया. सगळ्या मिळून दीडशेच्या वर जाती आहेत पण कातायला वापरतात ती मुख्यतः बँक्सिया ग्रँडिस, नैऋत्य ऑस्ट्रेलियातली, कारण तिचं कणीस सगळ्यात जाड आणि लांब. आपल्याकडे चहाकॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात ती सिल्व्हर ओक याच कुळातली, पण तिला असलं कणीस येत नाही. बऱ्याच बँक्सिया बिया वर्षानुवर्षं कप्प्यात घट्ट धरून ठेवतात आणि वणवा लागून गेला की मगच कप्पे उघडतात. हे सांगायचं कारण असं की विकत घेताना काही कणसांचे कप्पे उघडे असतात, काहींचे बंद, आणि आपल्याला उघडेच हवेत. बंद असले तर भट्टी पेटवायची गरज नाही, ओव्हनमध्ये साधारण १२० डिग्रीला तासभर ठेवलं की तडतड करत उघडतात, फक्त ओव्हनसमोरून हलायचं नाही आणि घरात जळक्या लाकडाचा वास राहील याची तयारी ठेवायची.

बाहेरच्या देशातून मागवताना एक काळजी घ्या. बिया आणि झाडाचे भाग भारतात आणायला प्लांट क्वारंटाइनचे नियम लागतात, त्यामुळे ओळखीच्या कुणाच्या बॅगेतून बिया भरलेलं कणीस आणणं हा उद्योग करू नका. वुडटर्निंगचं सामान विकणाऱ्यांकडे बिया काढून वाळवलेली कणसं मिळतात, ती मागवायची, काय काय कागद लागतील ते ऑर्डर टाकायच्या आधी विचारायचं आणि पार्सलवर आत काय आहे ते स्पष्ट लिहायला सांगायचं. घेताना सरळ, जड आणि निदान तीन इंच जाडीचं घ्या. हलक्या कणसाचा मधला दांडा बहुतेक वेळा भुसभुशीत निघतो.

आता मुंबईचा मुद्दा, म्हणजे दमट हवा. कणीस हातात आलं की त्याच दिवशी लेथवर चढवायचा मोह होतो पण थांबा. आधी प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून चारपाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे आत किडे असतील तर मरतील, मग बाहेर काढून किचनच्या वजनकाट्यावर वजन करा आणि पेन्सिलीने तारखेसकट कणसाच्या बुडावरच लिहून ठेवा. दर आठवड्याला परत वजन. सलग तीन आठवडे आकडा तोच आला की ते आपल्या हवेला सरावलं असं समजायचं. जुलैत वजन उतरत नाही, उलट पाचदहा ग्रॅम वाढलेलं दिसतं, म्हणून मी पावसाळ्यात फक्त साठवते आणि कातायला नोव्हेंबर ते मे एवढाच काळ धरते. माझी पहिली सुरई मी भर जुलैत केली होती, ती डिसेंबरात दगडाच्या कडेकडेने फटी पडून उघडली, तेव्हापासून हा नियम मोडलेला नाही.

साफसफाई कंटाळवाणी आहे पण टाळू नका. ती मखमल म्हणजे बारीक केस असतात, हवेत उडाले की नाकात, घशात, मानेवर सगळीकडे खाज. एन ९५ मास्क लावा, चष्मा लावा, आणि शक्यतो गाळ्याच्या दाराशी नाही तर गच्चीवर बसून वायर ब्रशने केस काढा. कप्प्यांत जुन्या टूथब्रशने खरवडा, नंतर कॉम्प्रेसरची हवा मारा. भोकात एक जरी बी किंवा केसांचा पुंजका राहिला तर दगड लाकडाला न चिकटता त्या पुंजक्याला चिकटतो आणि कातताना अख्खा तुकडा सुटून बाहेर येतो.

दोन्ही टोकं करवतीने काटकोनात कापा. गोल वस्तू बँडसॉवर नुसती हातात धरून कधीच कापू नका, ती गरकन फिरते आणि बोटं ओढते. व्ही आकाराचा लाकडी खाचा करून त्यात कणीस बसवून हातकरवतीनेच कापलेलं बरं. मग दोन सेंटरच्या मध्ये धरून ६०० ते ८०० आरपीएमवर गोल करून घ्या, गाऊज (कातायची पन्हळीदार पटाशी) धार लावून ताजं करा आणि कट हलका ठेवा. भोकांमुळे टूलला सलग लाकूड मिळत नाही, टक टक टक असा आवाज येत राहतो, तो आवाज सारखा आहे तोवर काळजी नाही, मध्येच बदलला की मशीन बंद करून कुठे चीर गेलीय का ते बघायचं. फेस शिल्ड लागतोच. मशीन सुरू करताना कणसाच्या समोर उभं राहू नका, बाजूला व्हा, तुकडा सुटला तर तो समोरच येतो.

चकमध्ये (लेथच्या जबड्यांच्या पकडीत) धरण्यासाठी कणसाच्याच बुडाला टेनन, म्हणजे पकडायला ठेवलेला गोल खुंटा, काढता येतो पण मला त्याचा भरवसा वाटत नाही कारण चकचे जबडे नेमके एखाद्या भोकावर दाबले की बूड चुरडतं. त्यापेक्षा सागवानाचा नाही तर बाभळीचा दोन इंची ठोकळा घ्या, त्याचा चेहरा आणि कणसाचं बूड दोन्ही सपाट करा आणि हळू सुकणाऱ्या अरल्डाइटने चिकटवून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा. टेनन त्या ठोकळ्याला काढायचा. असले तुकडे रे रोडच्या लाकूड बाजारात मिळतात. टूल, चक, फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं मोठं भोक पाडणारं) वगैरे बघायला नागदेवी स्ट्रीटला सकाळी जा, दुपारनंतर गर्दीत दुकानदाराला नीट विचारता येत नाही.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे. कणीस उभं आणि निमुळतं असतं तर त्यातून उभाच आकार काढा, सुरई नाही तर लांबट गडू. कळशीसारखं मोठं पोट काढायला गेलं तर मानेपाशी इतकं लाकूड उतरवावं लागतं की भोकंच निघून जातात आणि नुसता मधला दांडा उरतो, मग बँक्सिया वापरण्यात अर्थ काय राहिला. घरात जुना तांब्याचा किंवा पितळेचा तांब्या असेल तर तो समोर ठेवून बघा, त्याचं पोट मध्यावर नसतं, थोडं खाली नाही तर थोडं वर असतं, म्हणूनच तो डोळ्याला बरा वाटतो. मी पोट वरच्या तिसऱ्या भागात ठेवते आणि बूड अरुंद करते. बाहेरचा आकार शेवटच्या मापापेक्षा दोन मिलिमीटर जाड ठेवून इथे थांबायचं. पोकळ करायची घाई नको. दगड आधी भरायचा, कारण कणीस भरीव असताना भोकांना बूड असतं, भिंत पातळ झाल्यावर तीच भोकं आरपार होतात आणि गोंद आतल्या बाजूने गळून जातो.

दगड निवडताना रंगाच्या आधी कडकपणा बघा. ताजमहालावर पच्चीकारी आहे ती अकीकासारख्या (अगेट) कडक दगडांची, पण तिथे प्रत्येक पाकळी आधी घासून आकार देऊन मग संगमरवराच्या खाचेत बसवलेली आहे. आपल्याला दगड लाकडाबरोबर एकाच वेळी कातायचा आणि घासायचा आहे, तर तो मऊच हवा. कडकपणाच्या मोसच्या मोजपट्टीवर (सगळ्यात मऊ १, हिरा १०) अकीक ७ आहे, तो सोडून द्या, टूलची धार खाऊन टाकेल. फिरोजा ५ ते ६, लाजवर्द म्हणजे लॅपिस साधारण ५ ते साडेपाच, मॅलाकाईट साडेतीन ते ४, संगमरवर ३. लालसर लाकडावर फिरोजासारखं दुसरं काही दिसत नाही हे मी कितीही वेळा म्हणेन. लाजवर्दात सोनेरी ठिपके असतात ते पायराइट, दिसतात सुंदर पण दगडापेक्षा कडक, तिथे टूल जपून. मॅलाकाईट तांब्याचा दगड आहे, त्याची धूळ विषारी, मास्क नसेल तर त्याला हात लावू नका.

भुलेश्वरला मण्यांच्या दुकानांत फिरोजाच्या चिप्सच्या माळा मिळतात, तुटक्या नाही तर फुटक्या मण्यांच्या मागितल्या की स्वस्तात देतात. त्यातल्या बऱ्याच खऱ्या फिरोजाच्या नसतात, रंगवलेला हाउलाइट (मूळचा पांढरा दगड) असतो, आणि खरं सांगू तर आपल्या कामाला तो चालतो, साडेतीन कडकपणा म्हणजे कातायला सोपा. फक्त कापसाला ॲसिटोन लावून मण्यावर घासून बघा, कापूस निळा झाला तर तो रंग पुढे लाकडात उतरणार, तो दगड घेऊ नका. पहिल्यांदाच करत असाल तर फिरोजावर पैसे घालू नका. आंब्याच्या लाकडाचा गोल तुकडा घ्या, ड्रिलने दहाबारा भोकं पाडा आणि मार्बलवाल्याकडून मूठभर चुरा आणून त्यावर हात बसवा. आणखी एक युक्ती म्हणजे पितळेचा कीस, स्टेशनबाहेर चाव्या बनवणारा बसतो त्याच्या मशीनखाली साठलेला असतो, चहाच्या पैशात डबीभर देतो. निळ्या दगडाच्या मधल्या बारीक फटीत तो कीस टाकला की सोन्याची रेघ असल्यासारखी दिसते. कीस चुंबकावरून फिरवून घ्या म्हणजे त्यातला लोखंडाचा भाग निघून जाईल, तो राहिला तर पुढे गंज धरतो.

फोडायचं कसं, तर दगड जाड फडक्यात गुंडाळून हातोडीने तुकडे करायचे आणि मग लोखंडी खलबत्त्यात कुटायचे. हा खलबत्ता वेगळाच ठेवा, स्वयंपाकघरातला नको, आणि कुटताना वर ओलं फडकं धरा. कुटून झालं की दोन चाळण्यांतून गाळून तीन डब्या करा, एकीत मुगाएवढे खडे, दुसरीत रव्याएवढे, तिसरीत मैद्यासारखी पूड.

आता भरणं. याला घाई अजिबात चालत नाही. आधी भोकाच्या कडेच्या लाकडाला चपडा लाखेचं पातळ पॉलिश ब्रशने लावून सुकू द्या, नाही तर गोंद लाकडात पसरून प्रत्येक भोकाभोवती काळपट डाग धरतो आणि तो नंतर घासून जात नाही. मग कुठली भोकं भरायची ते ठरवा. मी आधी पेन्सिलीने खुणा करते आणि कणीस टेबलावर ठेवून चहा होईपर्यंत नुसतं बघते. सगळी भोकं भरली तर ती सुरई फरशीच्या तुकड्यासारखी दिसते, बँक्सिया आहे हे कळतच नाही. सलग एका बाजूने वर चढत जाणारी पाचसात भोकं भरायची आणि बाकीची उघडी ठेवायची, माझ्या डोळ्याला ते बरं वाटतं.

भरायचं भोक वर येईल असं कणीस फिरवून लेथचा स्पिंडल (फिरणारा दांडा) लॉक करा. तळाशी खडे टाका, काडीने दाबा, वरून दुसऱ्या डबीतला रव्याएवढा दगड टाका म्हणजे खड्यांमधल्या फटी भरतील, आणि मग पातळ सुपरग्लूचे दोनतीन थेंब. फेविक्विकच्या छोट्या ट्यूब चालतात पण एका सुरईला खूप लागतात, बाटलीतला पातळ सायनो, म्हणजे हाच सुपरग्लू, घेतलेला परवडतो. तो दगडातून झिरपत खाली जातो, आपल्याला ढवळावं लागत नाही. एका वेळी दोन ते तीन मिलिमीटरच थर, तो वाळला की पुढचा. एकदम अख्खं भोक भरून वरून गोंद ओतला तर गोंद तापतो, धूर येतो, फेस होऊन पांढरे बुडबुडे धरतात आणि तळाशी ओलाच राहतो. सेंटिमीटरभर खोल भोकाला चारपाच थर लागतात, मी एका बसणीत दोन थर देते आणि उरलेले दुसऱ्या दिवशी.

सुपरग्लू वाळतो तोच हवेतल्या ओलाव्याने. म्हणून आपल्याकडे तो वरून झटकन वाळतो, आत वेळ लागतो, आणि दमट दिवशी आजूबाजूच्या लाकडावर पांढरी साय धरते. एसीच्या खोलीत नाही तर निदान कोरड्या दुपारी भरा. लवकर सुकवायचा स्प्रे मारू नका, त्यानेही पांढरं पडतं. धूर डोळ्याला झोंबतो, पंखा आपल्या पाठीमागून लावा. आणि हे नीट लक्षात ठेवा, सुती कापडावर किंवा सुती हातमोज्यावर हा पातळ गोंद सांडला तर तो इतका तापतो की चटका बसतो, कधी धूरही निघतो. नायट्राइलचे मोजे घाला, पुसायला सुती फडकं घेऊ नका.

शेवटचा थर पुडीचा, लाकडाच्या पातळीपेक्षा थोडा वरच भरा. सगळं भरून झालं की रात्रभर तसंच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन मिलिमीटर उतरवायचे. साध्या एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलची धार दगडावर दोन मिनिटांत जाते, इथे कार्बाइड टिपचा स्क्रेपर घ्या, १२०० ते १५०० आरपीएम, केसाएवढा कट. एखादा खडा उडाला तर थांबून तिथे पुन्हा पूड आणि एक थेंब. मग पॉलिश पेपर, १२० पासून सुरू करून १८०, २४०, ३२०, ४००, ६००. पेपर बोटाने दाबून धरू नका. लाकूड मऊ, दगड कडक, बोटाखाली लाकूड जास्त झिजतं आणि दगड उंचवट्यासारखा वर राहतो, हात फिरवला की लगेच कळतं. पेपरच्या मागे लाकडाची चपटी पट्टी धरा, म्हणजे दोन्ही एका पातळीत येतात. पाणी लावून घासायचं असेल तर आधी लाकडाला पॉलिशचा हात देऊन ते बंद करा, नाही तर निळी पूड लाकडाच्या रंध्रांत बसते.

आता पोकळ करणं, ते लेथवाल्यांना वेगळं सांगायला नको. टेलस्टॉकला (लेथच्या मागच्या टोकाला) ड्रिल चक लावून एक इंची फोर्स्टनर बिटने मधला दांडा काढून घ्या, खोलीची खूण बिटवर टेप लावून करा, बुडाला निदान दहा मिलिमीटर सोडा. मग वाकड्या हॉलोइंग टूलने भिंती. दर मिनिटाला मशीन थांबवून भुसा हवेने बाहेर काढा, आत भुसा साठला की टूल अडकतं. पहिल्या वेळी भिंत सहा मिलिमीटरच ठेवा. पातळ करायचा मोह उघड्या भोकांमुळेच होतो कारण भिंत पातळ होत गेली की ती आरपार होतात आणि आत छोटा एलईडी धरला की सगळ्या खिडक्या उजळतात. पण कणसाची ताकद त्या भोकांपाशीच कमी असते, चार मिलिमीटरच्या खाली गेलं की एक झटका आणि वाटीभर तुकडे.

फिनिशला मी जवसाचं उकळलेलं तेल लावते, पातळ हात, पंधरा मिनिटांनी पुसायचं, दिवसाआड तीनचार वेळा. हे लाकूड तेल पितं, पहिला हात दिसतसुद्धा नाही. लॅकर मारायचं असेल तर पावसाळ्यात नाहीच, दमट हवेत ते ढगाळ पांढरं होतं. तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं, आपल्या चाळीत, फ्लॅटमध्ये, गाळ्यात तर मागे थर्माकोल आणि पुठ्ठा रचलेला असतो. फडकं दोरीवर पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

ठोकळ्यापासून पार्टिंग टूलने वेगळी करा, बूड हाताने घासा आणि त्यावर बारीक पेनाने तारीख आणि दगडाचं नाव लिहा. पाणी भरायचं नाही, फार तर सुकी फुलं. पहिला पावसाळा जाऊ द्या आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती सुरई खिडकीपाशी नेऊन दगडाच्या कडा नखाने तपासा. कुठे केसाएवढी फट लागली तर त्यात चिमूटभर पूड, एक थेंब पातळ गोंद, वर ६०० चा पेपर आणि तेलाचा एक हात.